नगरपालिकेत पावसाळी पाण्याच्या निचऱ्याची कामं ठरतात कशी, आणि पैसा कुठून येतो?

तुमचा प्रश्न थोडक्यात असा: शहर नगरपरिषदेचं, वस्ती सखल भागात, मागून ओढा जातो. दर जुलैत घरात गुडघाभर पाणी. नगरसेवक म्हणतात "निधी नाही", मुख्याधिकारी म्हणतात "प्रस्ताव वर गेलाय". मग पैसा येतो कुठून, मागं कोणाच्या लागायचं, आणि ओढ्याला भिंत बांधली तर सुटका होईल का?

नगरपरिषदांच्या बांधकाम विभागात आणि नंतर सल्लागाराकडे अशाच कामांची अंदाजपत्रकं करण्यात माझी बरीच वर्षं गेली, त्यामुळे जरा सविस्तर सांगतो.

"निधी नाही" हे अर्धसत्य आहे. पुष्कळदा नसतो तो आराखडा. लहान शहरात पैसा अवेळी आणि घाईत येतो. मार्चअखेर जवळ आली की कुठल्यातरी लेखाशीर्षात, म्हणजे खर्चाच्या सरकारी खात्यात, पैसे शिल्लक असल्याचं कळतं, ते परत जाऊ नयेत म्हणून "चार दिवसांत प्रस्ताव द्या" असा फोन येतो. चार दिवसांत ज्याचं अंदाजपत्रक होतं ते काम बसतं. पेव्हर ब्लॉकचं होतं, सभामंडपाचं होतं, शंभर मीटर गटाराचं होतं. ओढ्याचं होत नाही, कारण त्याला आधी सर्व्हे लागतो आणि सर्व्हेसाठी कोणी वेगळे पैसे ठेवलेले नसतात. म्हणून शहरात गटारांचे तुकडे दिसतात: एका गल्लीत नवंकोरं आरसीसी गटार, पुढच्या वळणावर जुनं दगडी, त्यापुढे काहीच नाही. प्रत्येक तुकड्याचं बिल निघालेलं असतं, पाणी मात्र तिथंच.

आता नियोजन. पहिली गोष्ट, तुमच्या दारात येणारं पाणी तुमच्या प्रभागाचं नसतं. ते वरच्या टेकडीवरून, नव्या प्लॉटिंगमधून, हायवेच्या कडेनं येतं. प्रभागाची हद्द पाण्याला कळत नाही, पण बजेट मात्र प्रभागवार फोडलं जातं. त्यामुळे आधी पाणलोटाची, म्हणजे जिथून पाणी उतरून येतं त्या सगळ्या क्षेत्राची, हद्द नकाशावर आखायची, मग सगळ्या गटारांच्या आणि मोऱ्यांच्या (रस्त्याखालून पाणी नेणाऱ्या छोट्या पुलांच्या) तळाच्या पातळ्या घ्यायच्या. रस्त्याच्या नव्हे, तळाच्या. हे काम एप्रिल-मे मध्येच होतं, कारण ओढा तेव्हाच कोरडा असतो.

मग हिशोब. उदाहरण म्हणून धरा, तुमच्याकडे १० हेक्टरचं, म्हणजे साधारण पंचवीस एकरांचं पाणी येतं. तासाला ५० मिलिमीटरचा पाऊस पडला आणि काँक्रीट-डांबरामुळे त्यातलं ८० टक्के वाहून आलं. सूत्र सोपं आहे: क्षेत्र हेक्टरमध्ये, पाऊस तासाला मिलिमीटरमध्ये आणि वाहून येण्याचं प्रमाण, या तिघांचा गुणाकार करून ३६० नं भागायचं. उत्तर येतं सेकंदाला सुमारे १.१ घनमीटर, म्हणजे अकराशे लिटर. रस्त्याखाली सर्रास टाकला जाणारा ६०० मिलिमीटरचा सिमेंट पाइप, तीनशेला एक (तीनशे मीटरला एक मीटर) उतार असेल तर, पूर्ण भरून आणि एकदम स्वच्छ असतानाही सेकंदाला साडेतीनशे लिटरच नेतो. एक तृतीयांश. बाकीचं पाणी तुमच्या उंबऱ्याकडे येतं, यात ठेकेदाराच्या भ्रष्टाचाराचाही संबंध नाही. काम अगदी चोख झालं तरी ते येणारच. याच उतारावर मीटरभर रुंद आणि पाऊण मीटर पाण्याची खोली असलेलं गटार पुरलं असतं. पाइपचा व्यास कसा ठरला असं विचारलंत तर बहुतेक वेळा उत्तर मिळतं, "मागच्या टेंडरला हाच होता."

किती मोठा पाऊस धरायचा हा खरा राजकीय प्रश्न आहे, पण तो सभागृहात कोणी मांडत नाही. केंद्राच्या नगरविकास खात्याची पावसाळी निचऱ्यावरची मार्गदर्शिका २०१९ ची आहे. महानगरांच्या मध्यवर्ती भागासाठी पाच वर्षांतून एकदा येणारा पाऊस धरावा असं ती सांगते, लहान शहरांना त्याहून कमी. म्हणजे सगळं नियमानं बांधलं तरी काही वर्षांनी एकदा पाणी साचणारच. हे लोकांना आधी सांगितलं तर पुढची भांडणं कमी होतील, पण उद्घाटनाच्या भाषणात असं कोण बोलणार!

आकडा बदलला की खर्च कसा बदलतो ते मुंबईत दिसतं. तिथली जुनी व्यवस्था तासाला २५ मिलिमीटर पाऊस आणि त्यातला निम्मा वाहून येईल या हिशोबावर होती. मुंबईच्या पावसाळी निचऱ्यावरच्या 'ब्रिमस्टोवॅड' अहवालानंतर ठरलं ५० मिलिमीटर, आणि सगळाच्या सगळा वाहून येणार असं धरायचं. ऐकायला दुप्पट वाटतं, पण आहे चौपट. तो अहवाल १९९३ चा. २६ जुलै २००५ ला सांताक्रूझला चोवीस तासांत ९४४ मिलिमीटर पडेपर्यंत त्यातली मोठी कामं रखडलेलीच होती. २००७ मध्ये केंद्रानं सुमारे १,२०० कोटी मंजूर केल्यावर गाडी हलली. भरतीच्या वेळी पाणी समुद्रात फेकायला आठ उदंचन (पंपिंग) केंद्रं ठरली होती. हाजी अली, इर्ला, लव्हग्रोव्ह, क्लीव्हलँड बंदर, ब्रिटानिया आणि गझदरबंध अशी सहा झाली. मोगरा आणि माहुल जागेच्या घोळात वर्षानुवर्षं अडकली. पैसा होता, जागा नव्हती. तुमच्या ओढ्याच्या काठाची मोजणी अजून झाली नसेल तर तुमच्याकडेही हेच होणार आहे.

कामाचा क्रम उलटा लावायचा, म्हणजे मुखाकडून वर. ओढा जिथं नदीला किंवा मोठ्या नाल्याला मिळतो तिथून सुरुवात. सहसा होतं याच्या उलट: ज्या भागाचा आवाज मोठा तिथं आधी रुंदीकरण होतं, पाणी तिथून झपाट्यानं सुटतं आणि खालच्या अरुंद मोरीवर येऊन आदळतं. एका शहरात अशा एका मोरीवर मी उतरून पाहिलं होतं. स्लॅबची मोरी, रुंदीला ठीक, पण तिच्या तोंडातून छताच्या हातभर खाली नळयोजनेचा बिडाचा पाइप आडवा गेलेला. त्याला गादीतला कापूस, साडीची चिंधी, थर्माकोल आणि तारेचं वेटोळं असं मिळून एक जाड पडदाच तयार झालेला. मोरी पाडून मोठी बांधायचं अंदाजपत्रक तयार होतं. पाइप खालून वळवून घेतला तर मोरी आहे तीच पुरत होती. पण पाइप पाणीपुरवठा विभागाचा आणि मोरी बांधकामाची. दोन्ही टेबलं एकाच मजल्यावर, फाइल मात्र पावसाळा उलटून गेला तरी या टेबलावरून त्या टेबलावर गेली नव्हती.

पैशाकडे येतो. पाणीयोजनेला कर्ज मिळतं कारण पाणीपट्टी येते. पुणे महापालिकेनं २०१७ मध्ये रोख्यांतून, म्हणजे बाजारातून व्याजानं घेतलेल्या कर्जातून, २०० कोटी उभारले ते चोवीस तास पाण्याच्या योजनेसाठी. पावसाळी गटारासाठी असे रोखे कोण घेणार? त्यातून उत्पन्न शून्य. माझ्या पाहण्यातल्या घरपट्टीच्या बिलांत वृक्षकर सापडतो, शिक्षणकर सापडतो, पण पावसाच्या पाण्याचा रकाना नाही. अमेरिकेत वॉशिंग्टन राज्यातल्या बेलव्ह्यू शहरानं १९७४ मध्येच त्यासाठी स्वतंत्र आकारणी सुरू केली. पुढे अनेक शहरांनी अंगणात किती काँक्रीट केलंय त्यावर बिल लावलं. आपल्याकडे असं काही सुचवलं तर आधी मोर्चा येईल, तरी माझ्या मते मॉल आणि मंगल कार्यालयांच्या पार्किंगपासून सुरुवात करायला हरकत नाही.

तोवर अनुदानच. मोठ्या कामाला राज्याची सुवर्णजयंती नगरोत्थान योजना, राज्यस्तर. तिला डीपीआर (सविस्तर प्रकल्प अहवाल), तांत्रिक मान्यता आणि पालिकेनं स्वतःच्या पैशातून घालायचा स्वहिस्सा लागतो. बऱ्याच पालिका या स्वहिश्शावरच अडतात, त्यामुळे बजेटमध्ये त्याची तरतूद आहे का ते आधी बघा. मधल्या आकाराच्या कामाला जिल्हास्तर नगरोत्थान, जिल्हा नियोजन समितीतून. इथं पालकमंत्र्यांचा शब्द चालतो. राज्याच्या विशेष अनुदानाच्या 'वैशिष्ट्यपूर्ण' योजनेतून मिळालं तर मिळालं. मागासवर्गीयांची वस्ती असेल तर दलित वस्ती सुधारणेचा निधी वेगळा असतो आणि तो बऱ्याचदा वेळेत खर्चच होत नाही. खासदारांना वर्षाला ५ कोटी असतात, पण ते अख्ख्या मतदारसंघात वाटले जातात, त्यातून एखादी मोरी होईल, ओढा नाही होणार.

एक दार मात्र बहुतेक पालिका ठोठावतच नाहीत: आपत्ती सौम्यीकरण निधी. १५ व्या वित्त आयोगानं राज्यांच्या आपत्ती निधीचे दोन भाग केले, ८० टक्के मदतीला आणि २० टक्के आपत्ती येण्याआधीच्या कामांना. शिवाय राष्ट्रीय पातळीवर शहरी पुरासाठी सात महानगरांना मिळून २,५०० कोटी सुचवले. मुंबई, चेन्नई, कोलकात्याला ५०० कोटी प्रत्येकी, पुण्यासह बाकी चौघांना २५०. तुमचं शहर त्या यादीत नाही, पण राज्याच्या त्या २० टक्क्यांसाठी प्रस्ताव जिल्हाधिकाऱ्यांकडच्या आपत्ती व्यवस्थापन प्राधिकरणामार्फत जाऊ शकतो. तिथं बांधकामाच्या भाषेपेक्षा नुकसानीचे आकडे चालतात. आधीच्या वर्षांचे तलाठ्यांचे पंचनामे, किती घरांत पाणी, किती दिवस शाळा बंद, किती सानुग्रह अनुदान वाटलं, हे सगळं जोडलं तर प्रस्तावाला वजन येतं. हे कागद तहसीलमध्ये असतात आणि माहिती अधिकारात मिळतात.

तर मागं लागायचं ते "आमचं गटार करा" म्हणून नव्हे. अख्ख्या ओढ्याचा पातळ्यांसह आराखडा आणि त्याचे मुखापासून पाडलेले टप्पे, एवढं एकच मागा. दिवाळीनंतर मागा, बजेटची जुळवाजुळव तेव्हा सुरू होते. अख्ख्या कामाच्या तुलनेत सर्व्हे-डीपीआरचा खर्च किरकोळ असतो आणि तो सर्वसाधारण सभा स्वतःच्या फंडातून मंजूर करू शकते. मग मार्चमध्ये फोन आला की टप्पा क्रमांक एकची फाइल तयार असते. जमलं तर ओढ्याच्या खालच्या अंगाच्या वस्तीतले चार लोक सोबत घ्या. तुम्ही एकटे गेलात तर तुमचं पाणी त्यांच्या दारात ढकलणारं काम मंजूर व्हायची शक्यता जास्त.

नालेसफाईबद्दल फार लिहीत नाही, सगळ्यांना माहीत आहे. एवढंच बघा की काढलेला गाळ काठावर किती दिवस पडून राहतो. पहिल्या सरीला तो परत आत जातो आणि बिल मात्र वाहतुकीसकट निघतं.

आता भिंत. ओढा जिथं काठ कापतोय, घराचा पाया उघडा पडतोय, तिथं भिंत हवीच. पण पूर अडवायला म्हणून बांधत असाल तर दोन गोष्टी तपासा. एका काठाला भिंत घातली की पाणी समोरच्या काठावर चढतं, आणि दोन्ही काठांना घातली की खालच्या मोरीवर. दुसरं, भिंतीच्या आतल्या बाजूला पडलेला पाऊस ओढ्यात जायचा कुठून? त्यासाठी भिंतीत पाइप ठेवतात. ओढा फुगला की त्याच पाइपमधून पाणी उलटं आत येतं. सांगलीत हे मोठ्या प्रमाणावर दिसतं, कृष्णा चढायला लागली की पाणी आधी नाल्यांमधून उलटं शहरात शिरतं. म्हणून त्या पाइपांना एकाच बाजूनं उघडणारी झडप लागते आणि झडप बंद असेपर्यंत आतलं पाणी उपसायला पंप. भिंतीच्या अंदाजपत्रकात झडप नसेल तर सही होण्याआधी हरकत घ्या, नंतर भिंत फोडून ती कोणी बसवत नाही. आणि सोसायटीनं वीटकामाची साधी कंपाउंड भिंत उंच करून काम भागवायचा विचार असेल तर तो सोडा. २५ सप्टेंबर २०१९ च्या रात्री पुण्यात आंबिल ओढ्याला लोंढा आला तेव्हा काठच्या सीमाभिंती कोसळल्या आणि टांगेवाला कॉलनीत त्याखाली माणसं गेली. पाण्याचा दाब धरायला आरसीसीची, पाया ओढ्याच्या तळाखाली नेलेली भिंतच लागते आणि तिचं डिझाइन स्ट्रक्चरल इंजिनिअरकडूनच करून घ्यायचं.

तुमचा ओढा ज्या नदीला मिळतो तिची पूररेषा जलसंपदा विभागाकडे बघून घ्या. निळी रेषा पंचवीस वर्षांतून एकदा येणाऱ्या पुराची, लाल शंभर वर्षांतून एकदाच्या. तुमची वस्ती निळ्या रेषेच्या आत असेल तर वर लिहिलेलं बरंचसं लागू पडत नाही; मग गटाराचा व्यास वाढवून उपयोग नाही, प्रश्न नदीचा आहे आणि त्याचं खातंही वेगळं. तसं निघालं तर शहराचं नाव कळवा, त्या अंगानं वेगळं लिहीन.