आपल्याच घरी येताना लस कशाला?

प्रश्न : मुलगा आणि सूनबाई अमेरिकेहून महालक्ष्म्यांसाठी महिनाभर गावी येताहेत. नातू चार वर्षांचा, नात आठ महिन्यांची. सूनबाई लशींचं विचारते. मुलगा म्हणतो, मी तिथंच वाढलो, मला काय होतंय? डॉक्टर, आपल्याच घरी येताना लस कशाला?
— एक आजोबा, ता. जिंतूर, जि. परभणी

उत्तर : आजोबा, सूनबाईंचं ऐका.

वेरूळ बघायला आलेला परदेशी पाहुणा चार दिवस हॉटेलात राहतो, बाटलीतलं पाणी पितो. तुमचा मुलगा महिनाभर घरोघरी जेवायला जाणार. आत्यानं पाण्याचा तांब्या पुढं केला, तर नको कसं म्हणेल? म्हणूनच आप्तांना भेटायला येणाऱ्यांत टायफॉइड, हिवताप पर्यटकांपेक्षा जास्त आढळतात, आणि निघण्याआधी डॉक्टरांकडे जातात तेही हेच सगळ्यांत कमी. हजला जाणाऱ्याला मेंदूज्वराची लस सक्तीची असते. केनियातून परतणाऱ्याला आपल्या विमानतळावर पिवळ्या तापाचं प्रमाणपत्र दाखवावं लागतं. गावी येणाऱ्या लेकराला कुणी काही विचारत नाही.

लहानपणी इथलं पाणी पचलं म्हणून आजही पचेल, असं धरून चालू नका. मुलगा, सून, नातू या तिघांनी टायफॉइडचं इंजेक्शन निघण्याच्या निदान दोन आठवडे आधी घ्यावं. हिवतापाच्या गोळ्या लागतील का, हे तिथल्या डॉक्टरांना आपला जिल्हा सांगून विचारावं. मला नातीची काळजी जास्त वाटते. अमेरिकेत गोवराची लस एरवी वर्ष झाल्यावर देतात, पण परदेशी जायचं असेल तर सहा महिन्यांनंतरही एक डोस देतात. तो मागून घ्यायला सांगा.

बाकीचं काम तुमचं. आपल्याकडं पाणी रोज येत नाही, म्हणून घरोघरी रांजण, ड्रम, टाक्या भरलेल्या. डेंग्यूचा डास याच साठवलेल्या पाण्यात वाढतो आणि दिवसा चावतो. आठवड्यातून एक दिवस सगळं रिकामं करून, घासून, कोरडं करा. नात दुपारी झोपली तरी मच्छरदाणी लावा. पिण्याचं पाणी उकळा, आणि भावकीत तुम्हीच आधी सांगून ठेवा की लेकरं उकळलेलंच पाणी पितील. सूनबाईंनी सांगितलं तर लोक तिला नावं ठेवतील. तुमचा शब्द कुणी मोडणार नाही.

टायफॉइडचा ताप जंतू पोटात गेल्यावर आठ दिवसांनी, कधी तीन आठवड्यांनीही चढतो, म्हणजे ते अमेरिकेत पोचल्यावरसुद्धा. हिवताप तर काही महिन्यांनीही उठू शकतो. तिकडे ताप आला, तर 'आम्ही भारतात गावी जाऊन आलो' हे डॉक्टरांना पहिल्याच भेटीत सांगायला लावा.