सात नाही, तीन: पाळीतली नोकरी आणि मुक्त विद्यापीठाची पदवी

नोकरी सांभाळून बाहेरून पदवी करणारे समुपदेशनाला येतात तेव्हा पहिलं वाक्य ठरलेलं असतं: ‘वेळच मिळत नाही.’ दुसरं थोडं उशिरा येतं: ‘आता डोकं चालत नाही, वय गेलं.’ बहुतेकांच्या बाबतीत डोकं उत्तम चालत असतं. गडबड असते ती अभ्यासाच्या तासांच्या हिशेबात. तो कुणी त्यांना करून दाखवलेला नसतो आणि त्यांनी स्वतः केलेला नसतो.

पुढची हकीकत दोन-तीन जणांचे अनुभव एकत्र करून लिहिली आहे, ओळख पटेल असे तपशील बदलले आहेत.

चाकण परिसरातल्या वाहनांचे सुटे भाग बनवणाऱ्या कारखान्यात सीएनसी (संगणक-नियंत्रित) मशीन चालवणारा ३२ वर्षांचा तरुण. शिक्षण बारावी आणि आयटीआय. दर आठवड्याला बदलणाऱ्या तीन पाळ्या, घरी बायको आणि पाच वर्षांची मुलगी. सुपरवायझरच्या जागेसाठी कंपनीत पदवी मागतात, म्हणून त्याने जुलैत इग्नूच्या, म्हणजे इंदिरा गांधी राष्ट्रीय मुक्त विद्यापीठाच्या, बी.ए.ला प्रवेश घेतला. राज्यशास्त्र आणि इतिहास, माध्यम हिंदी. डिसेंबरच्या सत्रअखेरीच्या परीक्षेला चारही पेपरांचा अर्ज भरला. निकाल असा: एक उत्तीर्ण, दोन नापास (१०० पैकी २८ आणि ३१), एकाला गैरहजर, कारण दुपारच्या सत्रातला तो पेपर नेमका फर्स्ट शिफ्टच्या आठवड्यात आला आणि सुट्टी मिळाली नाही. तो भेटायला आला फेब्रुवारीत, आणि प्रश्न घेऊन नाही, बेत घेऊन आला: ‘जूनला राहिलेले तीन आणि दुसऱ्या सेमिस्टरचे चार, असे सातही देऊन टाकतो. म्हणजे वर्ष वाचेल.’

सातचा बेत मोडायचा तर उपदेशाचा उपयोग नव्हता, आकडे लागणार होते. त्याला आधी तीन आठवड्यांची नोंद करायला सांगितली, प्रत्येक पाळीचा एक आठवडा. ‘किती वेळ अभ्यास करता येईल’ हे त्यात लिहायचं नव्हतं. प्रत्यक्षात जागेपणी, जेवणखाण आणि घरची कामं सोडून किती वेळ उरला, तेवढंच. फर्स्ट शिफ्टच्या आठवड्यात रोज जेमतेम एक तास निघाला. पहाटे सव्वापाचचा गजर, साडेचारला घरी, संध्याकाळ मुलीची, आणि रात्री नऊनंतर पुस्तक उघडलं की पापण्या मिटतात. सेकंड शिफ्टला सकाळी रोज अडीच तास मिळाले. नाइटला पुन्हा एकच तास. यात रविवारचे तीन-तीन तास धरले तर अनुक्रमे ९, १८ आणि ९ होतात, म्हणजे आठवड्याची सरासरी १२ तास.

आता दुसरी बाजू. इग्नूत एक क्रेडिट म्हणजे ३० तासांचा अभ्यास, आणि त्यात वाचन, स्वाध्याय (घरी लिहून जमा करायची उत्तरं), संपर्क सत्रं (अभ्यासकेंद्रावरचे तास) सगळं आलं. त्याच्या बी.ए.त एकूण १३२ क्रेडिट, २४ विषय. दर सेमिस्टरला चार विषय: तीन सहा-सहा क्रेडिटचे आणि एक चारचा. एकूण २२ क्रेडिट, म्हणजे ६६० तास. सहा महिन्यांचे आठवडे २६, त्याच्याकडे १२ तासांप्रमाणे ३१२. अर्धेसुद्धा नाहीत. शिवाय जूनपर्यंत उरले होते १६ आठवडे, म्हणजे १९२ तास, आणि पेपर द्यायचे होते सात. डिसेंबरात तो नापास झाला याचं नवल नाही. एका विषयात उत्तीर्ण झाला हेच विशेष. (२०२० च्या राष्ट्रीय शैक्षणिक धोरणानंतर आलेल्या अभ्यासक्रमांत तीन वर्षांच्या पदवीला किमान १२० क्रेडिट असतात. आकडा थोडा बदलतो, हिशेबाची रीत तीच.)

सहा क्रेडिटच्या विषयाचे १८० तास प्रत्येकाला लागतातच असं नाही. लेखी विषयात, वाचनाची थोडी सवय असेल तर, स्वाध्याय आणि उजळणी धरून शंभरेक तासांत माणूस बऱ्यापैकी तयार होतो, असा आमचा अंदाज आहे. पन्नास तासांत होत नाही. तेव्हा १२ तासवाल्याला सहा महिन्यांत तीन विषय झेपतात. चौथा घेतला की चारही कच्चे राहतात.

‘मग तीन वर्षांत होणार नाही?’ नाही होणार. पण या पदवीची किमान मुदत तीन वर्षं असली तरी कमाल मुदत सहा वर्षं आहे, आणि मुक्त विद्यापीठाच्या रचनेतली कामकऱ्याच्या सर्वांत उपयोगाची गोष्ट हीच आहे. आधीचे विषय राहिले म्हणून पुढच्या वर्षाची नोंदणी अडत नाही. नोंदणी झाली म्हणून त्या वर्षाचे सगळे पेपर त्याच वेळी द्यावेच लागतात, असंही नाही. राहिलेल्या विषयासाठी मुदतीच्या आत फक्त परीक्षा शुल्क पुन्हा भरायचं. त्याचा हिशेब असा बसला: जूनला फक्त राहिलेले तीन. ते निघाले तर वर्षाअखेर चार विषय हाती. उरलेले २० विषय, दर परीक्षेला तीन, म्हणजे सात परीक्षा, साडेतीन वर्षं. एकूण साडेचार. आजारपण, लग्नकार्य, सक्तीचा ओव्हरटाइम यांना दीड वर्षाची सवड शिल्लक. हे ऐकून त्याचा चेहरा उतरला, ते स्वाभाविक आहे. ‘तीन वर्षांत ग्रॅज्युएट’ असं तो कंपनीत सगळ्यांना सांगून बसला होता.

डिसेंबरात आणखी एक गोष्ट बिघडली होती, आणि ती जवळपास सगळीकडे बिघडते: स्वाध्याय. त्याने चारही विषयांची तयार उत्तरं विकत घेतली आणि मुदतीच्या आधीच्या दोन-तीन रात्रींत उतरवून काढली. गुण साठच्या घरात मिळाले, त्यामुळे त्याला यात काही चुकलं असं वाटतच नव्हतं. स्वाध्यायाला एकूण गुणांत ३० टक्के वजन, लेखी परीक्षेला ७० टक्के, आणि पदवीला दोन्हींत स्वतंत्रपणे किमान ३५ लागतात. म्हणजे स्वाध्यायात ७० आणि परीक्षेत ४० मिळाले तर २१ अधिक २८, एकूण ४९. पण स्वाध्यायात ८० आणि परीक्षेत ३१ असतील तर विषय राहिला. उलटही तितकंच खरं: परीक्षेत ६० मिळवूनही स्वाध्याय दिलाच नसेल तर विषय पूर्ण होत नाही.

त्याच्या विषयांच्या स्वाध्यायाची मांडणी पाहिली तर ती परीक्षेची रंगीत तालीमच आहे. वीस गुणांचे दोन प्रश्न, प्रत्येकी सुमारे ५०० शब्द. दहा गुणांचे तीन, २५० शब्दांचे. सहा गुणांचे पाच, १०० शब्दांचे. एकूण साधारण २२५० शब्द, हाताने लिहिलेले. उत्तरं विकत घेणारा हे शब्द लिहितो, पण उत्तर शोधणं, बेतणं, छाटणं यातलं काहीच करत नाही. परीक्षेत नेमकं तेच करायचं असतं. या गड्याने दोन्ही नापास पेपरांत पाचांपैकी तीनच प्रश्न लिहिले होते. ‘येत होतं, वेळ पुरला नाही’ हे त्याचं म्हणणं खोटं नव्हतं. बारावीनंतर चौदा वर्षांत सलग तीन तास लिहिण्याची वेळच आली नव्हती. दीड तासाने बोटं आखडली.

उत्तीर्ण झालेला स्वाध्याय पुढे धरला जातो, त्यामुळे राहिलेल्या तीन विषयांत त्याला तो पुन्हा द्यायचा नव्हता. तरी त्याच प्रश्नांची उत्तरं आता स्वतः, पुस्तक बंद करून, घड्याळ लावून लिहायला सांगितली. तीन तास म्हणजे १८० मिनिटं. वीस गुणांचे पाच प्रश्न असतील तर पहिली दहा मिनिटं प्रश्न निवडायला आणि प्रत्येक उत्तराला ३४ मिनिटं. चौतिसावं मिनिट झालं की उत्तर अर्धं असलं तरी चार ओळी जागा सोडून पुढच्यावर जायचं. पहिल्या महिन्यात आठवड्याला एकच उत्तर, नंतर दोन सलग, मेमध्ये दोन रविवारी पूर्ण पेपर. जुन्या प्रश्नपत्रिका इग्नूच्या संकेतस्थळावर असतात आणि छापील पुस्तकं उशिरा आली तरी बहुतेक एककं (पुस्तकांतली प्रकरणं) ईज्ञानकोश या इग्नूच्या ऑनलाइन संग्रहावर पीडीएफ रूपात मिळतात.

आठवड्यांची वाटणी पाळीप्रमाणे केली, वारांप्रमाणे नाही. सेकंड शिफ्टच्या आठवड्यात नवीन एककं, कारण तेव्हा डोकं ताजं आणि सकाळ मोकळी. फर्स्ट शिफ्टला नवीन काही वाचायचं नाही. एककाच्या आत दिलेले बोध प्रश्न आणि आधी वाचलेल्याची टिपणं. नाइटच्या आठवड्यात फक्त लिहायचं काम: सराव, किंवा पुढच्या विषयाच्या स्वाध्यायाची उत्तरं स्वच्छ उतरवणं. नाइटवरून आल्यावर लगेच पुस्तक घेऊन बसण्याची त्याची सवय बंद करायला लावली. आधी झोप, दुपारी उठून जेवण, मग चारच्या सुमाराला तास. रात्रभर जागून वाचलेलं टिकत नाही, हे एक. दुसरं जास्त महत्त्वाचं: दिवसभर फिरत्या मशीनजवळ हात असणाऱ्या माणसाला ‘दोन तास कमी झोपा’ असा सल्ला देणं बेजबाबदारपणाचं आहे, मग तो देणारा यशस्वी माणूस कितीही मोठा असो.

घरचा प्रश्न बायको सोबत आली तेव्हा उलगडला. तिचा विरोध शिक्षणाला नव्हता. ‘रविवारभर पुस्तक उघडं असतं, पण हे मोबाइल बघत बसतात. ना अभ्यास, ना घर.’ रविवार सकाळी साडेसहा ते साडेनऊ हे तीन तास ठरले. साडेनऊला पुस्तक मिटायचं, परीक्षेच्या आधीचे तीन रविवार सोडून. ते तीन रविवार कोणते, हे वेळापत्रक आल्याबरोबर कॅलेंडरवर लिहायचं.

कागदपत्रांचं सांगणं रुक्ष आहे, पण वर्ष वाया जातं ते बहुधा इथेच. परीक्षा जूनची असली तरी अर्ज बराच आधी भरावा लागतो. उशीर झाला की विलंब शुल्क. स्वाध्याय दिल्याची पोच, पावती किंवा ऑनलाइन दिला असेल तर स्क्रीनशॉट, गुणपत्रिकेत गुण चढेपर्यंत जपून ठेवायचा. गुण चढले नाहीत ही तक्रार नेहमीची आहे आणि पोच नसेल तर पुन्हा लिहावं लागतं. स्वाध्यायाचे प्रश्नसंच ठरावीक काळापुरतेच चालतात, मागच्या वर्षीचा संच सोडवून दिला तर श्रम फुकट. मुदत वाढतेही, पण तिच्या भरवशावर राहू नये. वेगवेगळ्या सेमिस्टरचे पेपर एकत्र देणाऱ्याने तारीख आणि सत्र एकच तर येत नाही ना, हे वेळापत्रकात पाहावं. तसं आलं तर एक पेपर सोडावाच लागतो. वेळापत्रक हाती आलं त्याच दिवशी सुपरवायझरला तारखा लेखी द्याव्यात आणि पाळी बदलून घेणारा सहकारी आधी शोधावा. तीन पेपरांना तीन सुट्ट्या लागतात, सातांना सात. हाही तीनच्या बाजूचा मुद्दा. सरकारी किंवा निमसरकारी नोकरीत असाल तर प्रवेशाआधीच कार्यालयाच्या परवानगीचा नियम विचारून घ्या.

ज्यांचा प्रवेश अजून व्हायचा आहे, त्यांनी माध्यमाचा विचार नीट करावा. मराठी माध्यमातून शिकलेल्याला हिंदी वाचायला अडत नाही, लिहिताना मात्र वेग निम्म्यावर येतो आणि ‘मैंने सांगितला’ छापाची वाक्यं पडतात. मराठीतून पुस्तकं आणि परीक्षा हवी असेल तर १९८९ साली स्थापन झालेलं नाशिकचं यशवंतराव चव्हाण महाराष्ट्र मुक्त विद्यापीठ हा सरळ पर्याय आहे; तिथल्या गुणांची विभागणी वेगळी, ती त्या त्या अभ्यासक्रमाच्या माहितीपुस्तिकेत पाहावी. कुठलंही विद्यापीठ असो, युजीसीच्या (विद्यापीठ अनुदान आयोगाच्या) दूरशिक्षण विभागाच्या संकेतस्थळावर त्या सत्रासाठी त्या अभ्यासक्रमाला मान्यता आहे का, हे स्वतः तपासा. मान्यता विद्यापीठाच्या नावाला सरसकट नसते. अभियांत्रिकी, वैद्यकीय, कायदा यांच्या पदव्या दूरशिक्षणातून देता येत नाहीत. तशी जाहिरात दिसली तर पैसे भरू नका. मान्यताप्राप्त दूरशिक्षणाची पदवी नियमित पदवीच्या बरोबरीची धरावी, हे युजीसीने सप्टेंबर २०२२ मध्ये पुन्हा स्पष्ट केलं आहे, तेव्हा ‘बाहेरून केलेलं कोण विचारतं’ ही भीती नको.

जूनला त्याने तीनच पेपर दिले. ५८, ४७ आणि ३३. तिसरा दोन गुणांनी राहिला. त्याने त्या पेपराच्या पुनर्मूल्यांकनाचा अर्ज मुदतीत केला, पण त्याचा निकाल डिसेंबरचा अर्ज भरण्याच्या तारखेआधी येईलच असं नाही. म्हणून तोच विषय डिसेंबरच्या अर्जातही घातला, आणि त्याच्यासोबत दुसऱ्या सेमिस्टरचे दोन. त्यांतल्या एकाच्या स्वाध्यायातली वीस गुणांची दोन्ही उत्तरं ऑगस्टच्या नाइटच्या आठवड्यात लिहून झाली होती. सातचा विषय त्याने पुन्हा काढला नाही. चारचा काढला, तेव्हा आठवड्याच्या नोंदीची वही आणायला सांगितली. सरासरी अजून साडेबाराच होती.