पावडरच्या डब्याआधी जेवणाचे ताट

व्यायाम, आहार आणि सप्लिमेंट्स यांविषयी या महिन्यात आलेल्या पत्रांपैकी निवडक पत्रांना येथे उत्तरे दिली आहेत. पत्रलेखकांची नावे छापलेली नाहीत.

प्रश्न : माझे वय 23, उंची पाच फूट आठ इंच आणि वजन 58 किलो आहे. तासगावात दुकानात कामाला असून चार महिन्यांपासून संध्याकाळी जिमला जातो, पण वजन जेमतेम एक किलो वाढले आहे. सकाळी पोहे आणि चहा, दुपारी दोन भाकऱ्या, भाजी, आमटी आणि रात्री पुन्हा दोन भाकऱ्या व आमटी-भात असे माझे जेवण असते. घर माळकरी असल्यामुळे अंडी चालत नाहीत. ट्रेनर म्हणतात, ‘पावडरशिवाय बॉडी होणार नाही’, आणि साडेचार हजारांचा डबा तेच आणून देणार आहेत. आई म्हणते, भाकरी-आमटीवर आजोबांनी आयुष्यभर शेती केली. कोणाचे ऐकावे?

उत्तर : आईंचे म्हणणे त्यांच्या जागी बरोबर आहे. भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेच्या 2020 च्या शिफारशीनुसार निरोगी प्रौढ व्यक्तीला दर किलो वजनामागे रोज 0.83 ग्रॅम प्रथिने लागतात, म्हणजे तुम्हाला सुमारे 48 ग्रॅम. तुम्ही लिहिलेल्या जेवणाचा हिशेब मांडला तर चार भाकऱ्यांमधून साधारण 24, दोन वाट्या आमटीतून दहा-अकरा आणि पोहे, भात, भाजी व चहातले दूध मिळून बारा-तेरा ग्रॅम प्रथिने पोटात जातात. सर्वसाधारण गरज या जेवणातून भागते आणि म्हणूनच तुमची प्रकृती चांगली आहे. मात्र आजोबांच्या कामाला दमसास लागत होता. तुम्हाला स्नायूंचा आकार वाढवायचा आहे, आणि त्यासाठी वजनांचा व्यायाम करणाऱ्याला दर किलोमागे सुमारे 1.6 ग्रॅम प्रथिने पुरेशी ठरतात, असे आजवरच्या अभ्यासांतून दिसते. तुमच्या बाबतीत हा आकडा 93 ग्रॅमच्या आसपास येतो, म्हणजे आताच्या जवळपास दुप्पट.

ही तूट भरून काढायला डबा लागतोच असे नाही. चाळीस ग्रॅम कोरड्या सोयाबीन वड्यांमधून वीस ग्रॅम, पन्नास ग्रॅम कोरड्या मटकीच्या किंवा हरभऱ्याच्या उसळीतून दहा-अकरा, दिवसभरात दोन पेले दुधातून तेरा आणि मूठभर शेंगदाण्यांतून सात ग्रॅम प्रथिने मिळतात, आणि एवढ्यावरच तुम्ही नव्वदीच्या पुढे जाता. प्रथिने अमिनो आम्लांची बनलेली असतात. ज्वारी-गव्हात लायसिन हे अमिनो आम्ल कमी असते व डाळींत मेथिओनिन हे अमिनो आम्ल कमी असते. भाकरी आणि उसळ एकाच दिवशी पोटात गेली की एकाची उणीव दुसरे भरून काढते, त्यासाठी दोन्ही एकाच घासात हवीत असे काही नाही. सोयाबीनमुळे टेस्टोस्टेरॉन हे पुरुषी संप्रेरक घटते ही भीती एवढ्या प्रमाणासाठी निराधार आहे. आमटी पातळ करण्याची आपल्याकडची सवय मात्र मोडावी लागेल, कारण वाटीत डाळीपेक्षा पाणीच अधिक असेल तर वाट्या मोजून उपयोग नाही.

वजन न वाढण्याचे मुख्य कारण मला प्रथिनांपेक्षाही एकूण खाणे अपुरे असणे हे वाटते. दिवसभर दुकानात उभे राहायचे, त्यावर तासभर व्यायाम करायचा आणि दुपारी दोन भाकऱ्यांवर थांबायचे, यात नवीन स्नायू घडवायला शरीराकडे काही शिल्लक राहत नाही. वर सांगितलेल्या पदार्थांनी ही कमतरताही बऱ्याच अंशी भरून निघेल. महिन्याला एक किलोच्या आसपास वजन वाढावे. त्याहून झपाट्याने वाढले तर पोटाचा घेर वाढतो आहे असे समजून खाणे थोडे आवरावे.

व्हे प्रोटीन म्हणजे चीज तयार करताना उरणाऱ्या पाण्यातील प्रथिने वाळवून केलेली भुकटी. ती वाईट नाही आणि ज्याला जेवायला वेळ नाही त्याच्या सोयीची आहे, पण सोय आणि गरज या दोन गोष्टी वेगळ्या आहेत, आणि जो माणूस डबा विकतो त्यालाच डबा हवा की नको हे विचारू नये. घ्यायचाच झाला तर पक्के बिल मागा, डब्यावर अन्न सुरक्षा प्राधिकरणाचा 14 अंकी परवाना क्रमांक आहे का ते पाहा आणि एका मापात प्रथिने किती हे वाचा. चांगल्या पावडरीच्या तीसेक ग्रॅमच्या मापात वीस ते पंचवीस ग्रॅम प्रथिने असतात. ‘मास गेनर’ नावाच्या मोठ्या डब्यांत बहुतांश माल्टोडेक्स्ट्रिन, म्हणजे स्वस्त पिष्ट भरलेले असते. त्या पैशात महिनाभराचे दूध आणि शेंगदाणे येतील.

व्यायामाविषयी तुम्ही फारसे लिहिलेले नाही, म्हणून एवढेच सांगतो, की वही ठेवा. आठवड्यात तीन दिवस स्क्वॉट, बेंच प्रेस, रोइंग, डेडलिफ्ट आणि खांद्याचा प्रेस या मोठ्या व्यायामांचे प्रत्येकी तीन सेट करा. वजन असे निवडा, की एका सेटमध्ये सहा ते बारा रेप्स, म्हणजे सलग आवर्तने, झाल्यावर अजून एक-दोन जेमतेम निघतील असे वाटावे. ज्या दिवशी तिन्ही सेटमध्ये बारा रेप्स पूर्ण होतील, त्याच्या पुढच्या वेळी अडीच किलो वाढवा. चार महिने तेच डंबेल उचलले असतील, तर स्नायूंना वाढण्याचे कारणच मिळालेले नाही, आणि ते कारण कोणतीही पावडर देऊ शकत नाही.

प्रश्न : मी पुण्यात एका आयटी कंपनीत काम करतो, वय 29. वर्षभर क्रिएटिन घेत आहे. कंपनीच्या वार्षिक तपासणीत क्रिएटिनिन 1.4 आले आणि डॉक्टरांनी मूत्रपिंडाची शंका व्यक्त केली. क्रिएटिनने माझी किडनी खराब झाली का?

उत्तर : केवळ या एका आकड्यावरून तसे म्हणता येणार नाही. क्रिएटिन हा पदार्थ शेव्रुल या फ्रेंच रसायनशास्त्रज्ञाने 1832 मध्ये मांसातून वेगळा केला. आपल्या शरीरातही तो तयार होतो आणि बहुतेक सगळा स्नायूंत साठवलेला असतो. या साठ्याचा दीड-दोन टक्के भाग रोज आपोआप क्रिएटिनिनमध्ये बदलून मूत्रावाटे बाहेर पडतो. बाहेरून क्रिएटिन घेतल्यावर साठा वाढतो आणि त्याबरोबर रक्तातील क्रिएटिनिनही थोडे वाढू शकते. मोठे स्नायू असणाऱ्याचा आकडा मुळातच थोडा जास्त असतो, आणि तपासणीच्या आदल्या रात्री भरपूर मटण खाल्ले असेल तर तो आणखी वर जातो. मूत्रपिंडाची क्षमता याच आकड्यावरून गणिताने काढली जात असल्यामुळे अहवालात ती प्रत्यक्षापेक्षा कमी दिसते.

आपण क्रिएटिन घेतो हे डॉक्टरांना सांगितले नसेल तर आधी ते सांगा. दोन-तीन आठवडे क्रिएटिन थांबवून पुन्हा तपासणी करावी आणि सोबत सिस्टॅटिन सी ही रक्तचाचणी व लघवीतील अल्ब्युमिन या प्रथिनाची तपासणीही करून घ्यावी. सिस्टॅटिन सी स्नायूंच्या आकारावर फारशी अवलंबून नसते. हे सर्व ठीक आले तर रोज तीन ते पाच ग्रॅम क्रिएटिन मोनोहायड्रेट निरोगी माणसाने घेण्यास हरकत नाही. बाजारातील सप्लिमेंट्सपैकी ताकदीवरचा परिणाम सर्वांत भक्कमपणे सिद्ध झालेली हीच एक गोष्ट आहे, असे माझे मत आहे. सुरुवातीला आठवडाभर वीस ग्रॅम घेण्याची प्रथा अनावश्यक आहे, कारण रोजच्या साध्या मात्रेनेही तीन-चार आठवड्यांत साठा तेवढाच भरतो. पहिल्या काही आठवड्यांत वाढणारे एखादा-दीड किलो वजन मुख्यतः स्नायूंतील पाण्याचे असते. चाचण्यांत खरोखरच दोष आढळला, किंवा मूत्रपिंडाचा आजार आधीपासून असेल, तर मात्र डॉक्टरांच्या संमतीशिवाय हा डबा उघडू नये.

प्रश्न : श्रावणात माझे सोमवार आणि शनिवार असतात. त्या दिवशी व्यायाम बंद ठेवावा का?

उत्तर : बंद ठेवण्याची गरज नाही, साबुदाणा मात्र कमी करा. साबुदाण्यात प्रथिने जवळपास नसतातच. खिचडीत जी काही असतात ती दाण्याच्या कुटाची. उपवासाला चालणारे दही, दूध, पनीर, राजगिरा आणि शेंगदाणे यांतून दिवसाची बरीचशी गरज भागते. निर्जळी उपवास असेल तर त्या दिवशी वजने उचलू नयेत.

प्रश्न : मी नाशिकला शिक्षिका आहे, वय 48. गुडघे दुखतात म्हणून डॉक्टरांनी स्नायू बळकट करायला सांगितले. मुलगी जिमला चल म्हणते, पण वजने उचलून शरीर पुरुषी दिसेल अशी धास्ती वाटते. नुसते चालणे पुरेसे नाही का?

उत्तर : चालणे हृदयासाठी उत्तम आहे आणि ते सोडू नये, परंतु त्याने मांड्यांचे आणि पाठीचे स्नायू विशेष वाढत नाहीत. वयाच्या तिशीनंतर स्नायू हळूहळू घटू लागतात, आणि पाळी थांबल्यानंतर हाडांची घनता झपाट्याने कमी होते. या दोन्हींवर वजनांचा व्यायाम थेट काम करतो. जागतिक आरोग्य संघटनेनेही प्रौढांना आठवड्यातून किमान दोन दिवस स्नायूंचे व्यायाम सांगितले आहेत. पुरुषी दिसण्याची धास्ती सोडून द्या. स्त्रियांच्या रक्तातील टेस्टोस्टेरॉन पुरुषांच्या दहाव्या भागाहूनही कमी असते, आणि पुरुषांनाही जे शरीर वर्षानुवर्षे घाम गाळूनच मिळते ते आपल्याला चुकून मिळणार नाही.

सुरुवात घरातच करा. पाठ सरळ ठेवून खुर्चीवरून हातांचा आधार न घेता दहा वेळा उठा-बसा. ते सोपे वाटू लागले की दोन्ही हातांत दोन-दोन किलोची डंबेल्स घ्या. भिंतीला हात टेकून जोर काढा, आणि वाणसामानाची पिशवी उचलताना कमरेतून कसे वाकायचे हे एखाद्या फिजिओथेरपिस्टकडून एकदा नीट शिकून घ्या, कारण डेडलिफ्ट म्हणजे तेच आहे. व्यायामानंतर स्नायू दुखले तर दोन दिवसांत थांबतात. गुडघ्याच्या सांध्यात टोचल्यासारखे दुखले किंवा सूज आली तर वजन कमी करून डॉक्टरांना दाखवा. आपल्या न्याहारीत चहा-बिस्किटेच असतील, आणि शाळेच्या घाईत बहुधा तसेच असणार, तर त्या जागी मुगाचे धिरडे किंवा दोन अंडी आणि वाटीभर दही घ्यावे. बायकांच्या ताटातली प्रथिने इतरांना वाढता वाढता सर्वांत आधी कमी होतात, हे मी अनेक घरांत पाहिले आहे. ड जीवनसत्त्व आणि बी-12 यांची तपासणीही एकदा करून घ्या. दोन्हींची कमतरता आपल्याकडे सर्रास आढळते.

प्रश्न : मी कोल्हापूरचा. तरुणपणी तालमीत मेहनत केली, खासबागेत कुस्त्याही केल्या. मुलगा 17 वर्षांचा असून तालमीत जातो, पण आता त्याला जिम हवी आहे. वस्ताद म्हणतात, लोखंडाने अंग ताठर होते. काही पोरे जिममध्ये इंजेक्शन घेतात असेही कानावर आले आहे. बदामाच्या थंडाईचा खुराक चालू ठेवावा का? काय करावे?

उत्तर : वस्तादांचा मान राखून सांगतो, की वजने पूर्ण आवाक्यात, म्हणजे सांध्याची पुरती हालचाल करून उचलली तर लवचीकपणा कमी होत नाही, उलट वाढल्याचेच आढळते. जोर-बैठकांनी दम आणि चिवटपणा येतो. तथापि पाचशे बैठका सहज निघू लागल्या की सहाशे काढल्याने कमाल ताकद फारशी वाढत नाही, कारण पायावरचा भार आपल्या शरीराएवढाच राहतो. तो भार वाढवायचे साधन बारबेल, म्हणजे दोन्ही टोकांना वजने लावलेली दांडी, आहे. दुसऱ्या महायुद्धाच्या सुमारास थॉमस डीलॉर्म या अमेरिकन डॉक्टरांनी जखमी सैनिकांचे पाय हळूहळू वाढत्या वजनांनी बळकट केले, आणि आजची पद्धत बरीचशी तेथूनच आली. शेजारच्या सांगलीच्या संकेत सरगरने 2022 च्या बर्मिंगहॅम राष्ट्रकुल स्पर्धेत 55 किलो गटात स्नॅच आणि क्लीन अँड जर्क या उचलण्याच्या दोन प्रकारांत मिळून एकूण 248 किलो उचलून रौप्यपदक मिळवले. अशी वजने डोक्यावर न्यायला खांदे आणि घोटे किती लवचीक लागतात हे वस्तादांना एखादा व्हिडिओ दाखवून पटवता येईल. जाणत्याच्या देखरेखीखाली वजने उचलल्याने मुलांची उंची खुंटते हाही गैरसमजच आहे. मुलाने आठवड्यात दोन दिवस वजने आणि बाकीचे दिवस तालीम असे ठेवावे. दोन्हीकडची पूर्ण मेहनत एकाच दिवशी करू नये.

एक सावधगिरी मात्र तालमीतही हवी. खंड पडल्यानंतर आलेल्या पोराकडून पहिल्याच दिवशी शेकड्यांनी बैठका काढून घेतल्या, तर स्नायूंच्या पेशी फुटून त्यातील द्रव्य मूत्रपिंडात अडकू शकते. अंग सुजून दुखत असेल आणि लघवी गडद तपकिरी होत असेल तर चोळत बसू नये, त्याच दिवशी रुग्णालय गाठावे.

थंडाई जरूर चालू ठेवा. शंभर ग्रॅम बदामात एकवीस ग्रॅम प्रथिने असली तरी पावणेसहाशेहून अधिक कॅलरी असतात, आणि दिवसातून दोन वेळा मातीत मेहनत करणाऱ्याला त्या पचतात. जिममध्ये तासभर जाऊन उरलेला दिवस मोबाइलवर घालवणाऱ्याने तोच खुराक घेतला तर मात्र पोट सुटेल.

इंजेक्शनचा विषय टाळू नका. स्टिरॉइड्समुळे, म्हणजे स्नायू वाढवण्यासाठी घेतल्या जाणाऱ्या कृत्रिम संप्रेरकांमुळे, शरीराचे स्वतःचे टेस्टोस्टेरॉन बंद पडू शकते, वृषणे आकसतात, स्तन वाढतात, आणि सतराव्या वर्षी घेतल्यास हाडांची वाढीची टोके वेळेआधी मिटून उंची कायमची थांबते. तोंडाने घ्यायच्या काही गोळ्या यकृतावर घाला घालतात. मेफेंटरमाइनचे इंजेक्शनही व्यायामाआधी जोम यावा म्हणून टोचले जाते. ते शस्त्रक्रियेदरम्यान उतरलेला रक्तदाब वर आणण्याचे औषध आहे, आणि निरोगी तरुणाचा रक्तदाब व हृदयाचे ठोके त्याने धोकादायकपणे वाढू शकतात. शिवाय मुलगा स्पर्धेत उतरणार असेल तर उत्तेजक चाचणीत नमुन्यात सापडलेल्या पदार्थाची जबाबदारी खेळाडूचीच धरली जाते. डब्यातून नकळत गेले असे म्हणून सुटका होत नाही, आणि बंदी चार वर्षांपर्यंत लागू शकते.

मुलाला ओरडून विचारल्यास तो नाहीच म्हणेल. चेहऱ्यावर आणि पाठीवर एकाएकी आलेले मुरूम, छातीत दुखरी गाठ, चिडचिड आणि महिन्याभरात पाच-सहा किलोंची वाढ यांकडे लक्ष ठेवा. त्याने घेतल्याचे कबूल केले तर मनाने एकदम बंद करायला न लावता आधी एंडोक्रायनॉलॉजिस्टची, म्हणजे संप्रेरकांच्या तज्ज्ञ डॉक्टरांची, भेट घ्या. खोलीत रिकामी बाटली किंवा पट्टी सापडली तर ती फेकून न देता सोबत न्या, म्हणजे कोणत्या तपासण्या करायच्या हे त्यांना ठरवता येईल.