पांदणीतून डांबरी रस्त्यावर येताना आधी कोण?

प्रश्न : आमची पांदण (शेताकडची कच्ची वाट) थेट राज्यमार्गाला लागते. कापसाची भरलेली ट्रॉली घेऊन रस्ता ओलांडताना उजवीकडून कोणी येत नसेल, तर डावीकडच्यांनी थांबायला हवं ना? आणि समोरच्यानं डिप्पर मारला की निघावं का?
— शेतकरी वाचक, वणी (जि. यवतमाळ)

उत्तर : नाही. उजवीकडच्याला आधी जाऊ द्यायचं, हा नियम सिग्नल, पोलीस किंवा फलक नसलेल्या, सारख्या रस्त्यांच्या चौकासाठी आहे. पांदण मुख्य रस्त्याला मिळते तिथे दोन्ही बाजूंच्या वाहनांचा हक्क पहिला, थांबायचं तुम्हीच. लाल काठाचा उलटा त्रिकोण हेच सांगतो. लाल अष्टकोनी ‘थांबा’ फलक असेल, तर रस्ता रिकामा दिसला तरी चाकं पूर्ण थांबवायची.

डिप्परवर विसंबू नका. ‘या’ म्हणून मारतात, तसाच ‘मी येतोय, थांबा’ म्हणूनही मारतात. गाडी खरंच थांबली की मगच निघा.

आता वेळेचा हिशेब बघा. ट्रॅक्टर-ट्रॉलीची लांबी साधारण ९ मीटर, दुपदरी डांबर ७ मीटर. म्हणजे सरळ ओलांडतानाही १६ मीटर जायचं. ताशी ५ किलोमीटरने त्याला ११-१२ सेकंद लागतात. तेवढ्यात ताशी ८० ने येणारी गाडी अडीचशे मीटर कापते. म्हणून मोटारसायकलच्या मीटरवर दोन्ही बाजूंना पाव किलोमीटर मोजून झाडाची खूण धरून ठेवा. खुणेच्या आत गाडी असेल तर निघायचं नाही. तिचा वेग जास्त वाटला, तर ती खुणेपलीकडे असली तरी थांबा.

पांदण बहुधा डांबरापेक्षा खाली असते. चढावर थांबलात तर भरलेली ट्रॉली मागे ओढते आणि इंजिन बंद पडतं, तेही नेमकं पुढची चाकं डांबरावर असताना. सपाटीवरच थांबा, लो पहिला गिअर टाका आणि पलीकडे जाईपर्यंत बदलू नका. शेतात वापरायचे डाव्या-उजव्या चाकांचे सुटे ब्रेक पेडल आधीच खिट्टीनं जोडून घ्या. एकच दाबला गेला तर ट्रॅक्टर एका बाजूला ओढतो. धुऱ्यावरची (बांधावरची) तूर नजर अडवते, तेव्हा सोबत्याला रस्त्याच्या कडेला उभं करा. इंजिनच्या आवाजात हाक ऐकू येत नाही, म्हणून हाताच्या खुणा आधीच ठरवा. त्यानं गाड्या अडवायच्या नाहीत, फक्त तुम्हाला सांगायचं.

प्रश्न : चौकात अँब्युलन्स आली तर?
— वाचक, आर्वी (जि. वर्धा)

उत्तर : तिला वाट द्या, तुमची पाळी असली तरी. चौकाच्या मधोमध असाल तर आधी चौक मोकळा करा, मग डावीकडे घेऊन थांबा. वाट न दिल्यास १०,००० रुपये दंड, सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा दोन्ही होऊ शकतं.