माझी जुनी मारुती 800 निळा धूर सोडते. कधीच हात लावला नसताना कारचं इंजिन घरी खोलून पुन्हा बांधता येईल का?

येतं. मी बांधलंय, आणि मी मेकॅनिक नाही, बँकेत क्लार्क आहे. तुमच्यासारखीच मारुती 800 होती, 1997 ची कार्बोरेटरवाली, आणि तुम्ही लिहिलाय तसाच निळा धूर.

त्याआधी बाबांनी ती कोल्हापुरातच एका गॅरेजला दिली होती. त्यांनी हेड, म्हणजे इंजिनाचा वरचा भाग, उतरवलं, जुन्याच बोअरमध्ये (पिस्टन ज्यात वर-खाली होतो ते सिलिंडरचं भोक) पिस्टनभोवतीच्या नव्या रिंगा घातल्या, पैसे घेतले, आणि चार महिन्यांत धूर परत सुरू. बोअर कुणी मोजलाच नव्हता. मामांचा आयुष्यभराचा धंदा गाड्यांचा, ते म्हणाले गाडीच संपली, भंगारात घाला. मला ते काही पटेना.

2017 च्या उन्हाळ्यात भाड्याच्या चेन ब्लॉकनं, म्हणजे साखळीच्या कप्पीनं, इंजिन खाली घेतलं. प्रत्येक बेअरिंगच्या कॅपवर नंबर टाकला, नट-बोल्ट वेगवेगळ्या डब्यात, खोलताना पावलोपावली फोटो. ब्लॉक (सिलिंडर असलेला इंजिनाचा मुख्य भाग) आणि क्रँक (पिस्टन ज्याला फिरवतात तो दांडा) घेऊन शिवाजी उद्यमनगरात लेथवाल्याकडं गेलो, तिथं गेज लावल्यावर कळलं की बोअर वर जास्त आणि खाली कमी झिजलाय, गोल राहिलेलाच नाही. अशा बोअरमध्ये नवी रिंग सगळीकडून टेकणार कशी? 0.50 मिलिमीटर ओव्हरसाइज, म्हणजे तेवढे मोठे, पिस्टन आणले आणि ते पिस्टन हातात देऊनच बोअर करून घेतला, म्हणजे मूळचा 68.5 चा 69 मिलिमीटर झाला.

आता रिंगा. प्रत्येक रिंग एकटी बोअरमध्ये घालायची, उलट्या पिस्टननं खाली सरकवून सरळ करायची आणि टोकांमधली फट फीलर गेजनं, म्हणजे ठरलेल्या जाडीच्या पातळ पट्ट्यांनी, बघायची. दोन सिलिंडरला बरोबर आली. तिसऱ्याच्या वरच्या रिंगेत 0.15 मिलिमीटरची पट्टीसुद्धा जाईना. मामा शेजारीच होते, म्हणाले, "घाल रे, चालवलीस की बसतीय आपोआप." बसत नसते! तापल्यावर रिंग वाढते, टोकं एकमेकांना भिडतात, मग रिंग तरी मोडते नाहीतर बोअर तरी खरवडतो. बारीक कानस घेऊन एकाच टोकाला दोन-दोन हात मारायचे, पुसायचं, परत घालून बघायचं, त्या एका रिंगेला रात्रीचे अकरा वाजले. मामा रागानं उठून गेले आणि मला आजही वाटतं की मीच बरोबर होतो. हाताच्या अंदाजाला मी मानतो, पण मिलिमीटरचा शंभरावा भाग बोटाला कळत नाही, मग ते बोट तीस वर्षांच्या सरावाचं असो नाहीतर माझं.

गाडी त्यानंतर पाच वर्षं चालली, धूर नाही. बाबा तिच्यातूनच पंढरपूरला जाऊन आले.

खर्च मला तेव्हा 19 हजार आला, पाने आणि टॉर्क रेंच (बोल्ट ठरलेल्या जोरानं आवळायचा पाना) धरून, आता जास्तच येईल. दिवस म्हणाल तर अकरा रविवार. सर्व्हिस मॅन्युअल हातात आल्याशिवाय एक बोल्ट खोलू नका आणि टॉर्कचे, म्हणजे कुठला बोल्ट किती जोरानं आवळायचा त्याचे, आकडे त्यातलेच घ्या. बोअर करणं, क्रँक घासणं हे घरी होत नाही, ते लेथवाल्याकडंच. रोजची ऑफिसला जायची गाडी हीच एक असेल तर मात्र यात पडू नका. आणि चेन ब्लॉकला इंजिन लटकत असताना खाली हात घालायचा नाही, पोरांना त्या बाजूला फिरकू द्यायचं नाही, हे खरं तर मी आधीच लिहायला पाहिजे होतं.