ट्रॉली न उचलता माल उतरतो, त्यात नोकरी आहे का?

प्रश्न : सर, मी चंद्रपूरला मेकॅनिकल डिप्लोमाच्या शेवटच्या वर्षाला आहे. एका सिमेंट कारखान्यात कचऱ्यापासून केलेलं इंधन घेऊन ट्रेलर आला होता. मागचं दार उघडलं आणि ट्रॉली न उचलताच माल आपोआप बाहेर आला. तळाच्या पट्ट्या हलत होत्या. मला हेच काम शिकायचंय. मामा म्हणतात, हायड्रॉलिक म्हणजे तेलात हात काळे करणं, त्यापेक्षा सॉफ्टवेअरचा कोर्स कर. काय करू?

उत्तर : तुझ्या पत्रातल्या ‘आपोआप’ या शब्दापाशी मी अडलो. तुझं करिअर आहे ते नेमकं त्या शब्दामागे.

त्या ट्रेलरचा तळ, ज्याला मूव्हिंग फ्लोअर म्हणतात, तो म्हणजे लांबच लांब पट्ट्या. समजा 21 आहेत. पहिली, चौथी, सातवी असं करत सात-सातचे तीन गट, आणि प्रत्येक गटाला एक हायड्रॉलिक, म्हणजे तेलाच्या दाबावर सरकणारा, सिलिंडर. तिन्ही सिलिंडर एकदम दाराकडे सरकतात तेव्हा अख्खा तळ मालासकट पुढे जातो. परत मात्र एकेकच गट येतो. सात पट्ट्या मागे सरकत असताना चौदा जागेवर असतात आणि माल त्यांच्यावर टेकून राहतो. एवढीच युक्ती.

जोर काढणं अवघड नाही. 100 मिमी बोअरच्या (आतल्या व्यासाच्या) सिलिंडरला 200 बार दाब दिला की साधारण 16 टन जोर मिळतो, हे गणित तू केलं असशीलच. डोकं लागतं ते क्रमाला. काही यंत्रांत सिलिंडर टोकाला पोचला की तोच दांडी ढकलून पुढच्या व्हॉल्व्हला तेल सोडतो, तर काहींत हे काम सेन्सर आणि सोलेनॉईड (विजेवर व्हॉल्व्ह हलवणारी कॉइल) करतात. आता एखादा स्पूल (व्हॉल्व्हच्या आत सरकणारी दांडी) तेलातल्या कचऱ्याने अडकला आणि दोन गट एकदम मागे आले, तर माल दाराकडे जाण्याऐवजी जागच्या जागी पुढे-मागे डोलत बसतो. ड्रायव्हर पंपाला शिव्या देतो, आणि पंप तर ठणठणीत असतो! दहा मिनिटांत दाब मोजायचं गेज लावून खरा दोष दाखवणारा माणूस मालकाला हवा असतो.

पण फक्त या फ्लोअरच्या भरवशावर राहू नकोस. याचे नावाजलेले उत्पादक बाहेरचे आहेत, अमेरिकेत ओरेगनमधल्या मद्रास गावची कीथ (हो, तिकडेही मद्रास आहे) किंवा नेदरलँड्सची कार्गो फ्लोअर. तू हायड्रॉलिक सर्किट, म्हणजे पंपापासून सिलिंडरपर्यंत तेलाची वाट, शीक. तेच ज्ञान एक्स्कॅव्हेटरला, ऊसतोडणी यंत्राला, प्रेसला चालतं.

डिप्लोमानंतर लगेच डिग्रीच्या मागे लागू नये असं माझं मत. नॅट्स या सरकारी अप्रेंटिसशिप योजनेच्या पोर्टलवर नोंदणी करून वर्षभर अप्रेंटिसशिप कर, शक्यतो पॉवर पॅक (पंप, मोटर आणि तेलाची टाकी यांचा संच) बनवणाऱ्या किंवा दुरुस्त करणाऱ्या वर्कशॉपमध्ये. मुलाखतीत तूही विचार : पंप-व्हॉल्व्ह तपासायचं टेस्ट बेंच आहे का? सर्व्हिसला साइटवर पाठवता का? दोन्हीला ‘नाही’ आलं तर वर्षभर होजचे (तेलाच्या नळ्यांचे) नट आवळत बसशील. डिग्रीला थेट दुसऱ्या वर्षाचा प्रवेश नंतरही घेता येतो.

मामांचं म्हणणं अर्धं बरोबर आहे. व्हॉल्व्ह हल्ली पीएलसीवर, म्हणजे यंत्र चालवणाऱ्या छोट्या कॉम्प्युटरवर, चालतात, त्यामुळे रिले (विजेवर चालणारा स्विच) आणि लॅडर लॉजिक (पीएलसीचा प्रोग्रॅम लिहायची पद्धत) आलंच पाहिजे. त्यासाठी महागडा कोर्स नको, कॉलेजची लॅब पुरे.

आणि काळ्या हातांपेक्षा मला काळजी वाटते ती वेगळ्याच गोष्टीची. दाबाखालच्या होजला टाचणीएवढं भोक पडलं तर तेलाची धार कातडीतून आत घुसते. वरून काहीच दिसत नाही, पण बोट गमवावं लागू शकतं. दाब उतरवल्याशिवाय होजला हात लावायचा नाही, आणि गळती शोधायची ती पुठ्ठा धरून. टोचलंच तर दुखायची वाट न बघता थेट हॉस्पिटल गाठायचं.

पुन्हा तो ट्रेलर आला तर ड्रायव्हरकाकांना विचारून बाजूला उभा राहा. कोणता गट आधी मागे येतो ते टिपून घे आणि त्यावरून सर्किट काढ. चुकलं तरी चालेल, मला पाठव.