पिकअपची उंची घरच्या घरी वाढवता येते का?

आपला प्रश्न असा आहे की, पावसाळ्यात पांदण रस्त्याने शेतात जाताना पिकअप खालून घासते, तेव्हा मागच्या पाट्यांखाली, म्हणजे लोखंडी पट्ट्यांच्या स्प्रिंगखाली, दोन इंचांचे ठोकळे टाकून घरीच गाडी उंच करावी काय. मी यवतमाळ जिल्ह्यातील दारव्हा तालुक्यात शेती करतो. माझी मालवाहू पिकअप अकरा वर्षांची आहे आणि तिच्या पाट्यांचे काम मी स्वतः दोनदा केले आहे, पहिल्यांदा चुकीचे आणि दुसऱ्यांदा बरोबर.

सर्वांत आधी गाडीखाली वाकून नेमके काय घासते ते पाहावे. आपल्याकडील काळ्या मातीत ट्रॅक्टरच्या चाकोऱ्या खोल जातात, मधे उंचवटा उरतो आणि तो वाळला की दगडासारखा टणक होतो. त्याच्यावर बहुतेक वेळा मागच्या एक्सलचा (दोन्ही चाके जोडणाऱ्या आसाचा) गोळा, म्हणजे डिफरन्शियल, टेकतो. ठोकळा टाकल्याने चेसिस (गाडीचा सांगाडा) आणि डाला (माल भरायची पेटी) वर जातो, पण गोळा तसूभरही वर जात नाही, कारण एक्सल चाकांवर बसलेला असतो आणि त्याची जमिनीपासूनची उंची टायरवरच ठरते. म्हणून गोळाच घासत असेल, तर ठोकळ्यांवरचा खर्च वाया जाईल. डिझेलची टाकी, सायलेन्सर किंवा डाल्याचा मागचा भाग घासत असेल, तरच पाट्यांचा विचार करावा.

त्यातही गाडी मुळात ठेंगणी आहे की पाटे बसल्यामुळे, म्हणजे दबून सपाट झाल्यामुळे, ठेंगणी झाली आहे, हे मोजून ठरवावे. सिमेंटच्या खळ्यावर रिकामी गाडी उभी करून, टायरमध्ये योग्य हवा भरून, चाकाच्या मध्यापासून वरच्या पत्र्याच्या कडेपर्यंतचे अंतर दोन्ही बाजूंनी घ्यावे. माझ्या गाडीची डावी बाजू पाऊण इंच खाली होती आणि त्या बाजूचा एक पाटा मधोमध तुटलेला निघाला. वर्षानुवर्षे कापूस, सोयाबीन आणि खताची पोती वाहिलेल्या गाडीच्या पाट्यांची कमान उतरणे स्वाभाविक आहे. अशा वेळी कंपनीच्या मापाचे नवे पाटे टाकले की मूळ उंची परत मिळते, आणि माझ्या मते दहापैकी आठ गाड्यांना तेवढेच पुरते. जुने पाटे गॅसने तापवून वाकवू नयेत. त्यांचे पाणी, म्हणजे पोलादाचा ताठरपणा, उतरते आणि ते लवकर बसतात किंवा तुटतात.

पहिल्या वेळी मी हे मोजले नव्हते आणि सरळ ठोकळे टाकले. रिकामी गाडी चांगली चालली, पण एक्सलचा कोन बदलल्यामुळे थोड्याच दिवसांत शाफ्ट, म्हणजे इंजिनाकडून मागच्या चाकांना फिरवणारा दांडा, थरथरू लागला आणि त्याचा क्रॉस, म्हणजे सांधा, गेला. त्याहून गंभीर गोष्ट जिनिंगला कापूस नेताना कळली. कापूस वजनाला हलका, पण थर उंच असतो. गाडी उंच झाल्याने तिचा तोल आणखी वर गेला आणि वळणावर ती पूर्वीपेक्षा जास्त कलू लागली. शिवाय बऱ्याच मालवाहू गाड्यांत चेसिस आणि एक्सल यांच्यामध्ये दांडीने जोडलेला एक ब्रेकचा वॉल्व्ह असतो, ज्याला मेकॅनिक एलएसपीव्ही म्हणतात. चेसिस एक्सलच्या किती जवळ आले यावरून तो ओझे ओळखतो आणि त्याप्रमाणे मागच्या चाकांना ब्रेक देतो. गाडी उंच केली आणि दांडी नव्याने जुळवली नाही, तर भरलेली गाडीसुद्धा त्याला हलकी वाटते, मागचा ब्रेक कमी मिळतो आणि गाडी थांबायला जास्त अंतर घेते. मी ठोकळे काढले ते मुख्यतः यामुळेच.

कायद्याची बाजूही लक्षात घ्यावी. मोटार वाहन कायदा, १९८८ च्या कलम ५२ प्रमाणे कंपनीच्या मूळ तपशिलाशी विसंगत ठरेल असा बदल मालकाला करता येत नाही, आणि २०१९ च्या दुरुस्तीनंतर परवानगी नसलेल्या प्रत्येक बदलासाठी ५,००० रुपये दंड किंवा सहा महिन्यांपर्यंत कैद होऊ शकते. मालवाहू गाडीला फिटनेस तपासणीसाठी ठरावीक काळाने न्यावेच लागते, आणि तिथे असा बदल नजरेस येऊ शकतो. मूळ मापाचे पाटे बदलणे ही मात्र दुरुस्ती आहे.

आता पाटे बदलण्याचे प्रत्यक्ष काम. ते शेतात किंवा अंगणातल्या मातीवर करू नये. जॅक ओल्या काळ्या मातीत रुततो आणि कोरड्या भेगाळ मातीत अचानक खचतो. पाटे एक्सलला आवळून धरणाऱ्या यू-बोल्टवर आदल्या रात्री डिझेल सोडून ठेवावे. पुढच्या चाकांना दोन्ही बाजूंनी लाकडी ओंडके लावावेत, मागचे चेसिस मजबूत लोखंडी घोड्यांवर (स्टँडवर) टेकवावे आणि दुसरा जॅक एक्सलखाली द्यावा. केवळ जॅकच्या भरवशावर गाडीखाली कधीही जाऊ नये. एका वेळी एकच बाजू सोडावी. पाट्यांचा जुडगा सुटा करायचा असेल, तर पाटे मधोमध एकत्र धरणारा सेंटर बोल्ट काढण्याआधी पाटे शिकंज्यात घट्ट धरावेत, कारण ते उसळतात आणि हात मोडू शकतो. बसवताना सेंटर बोल्टचे डोके एक्सलच्या बैठकीतल्या भोकात नीट बसले आहे की नाही हे डोळ्यांनी पाहावे. यू-बोल्ट नवेच घ्यावेत आणि ते आळीपाळीने, थोडेथोडे, कंपनीच्या पुस्तिकेत दिलेल्या टॉर्कपर्यंत आवळावेत. रबरी बुश असलेले शॅकलचे (पाट्याचे टोक चेसिसला टांगणाऱ्या कडीचे) बोल्ट मात्र गाडी चाकांवर उतरवल्यानंतरच शेवटचे कसावेत, नाहीतर बुश पिळलेल्या अवस्थेत राहून लवकर फाटतो.

आपली गाडी डी-मॅक्स व्ही-क्रॉससारखी पुढे कॉइल स्प्रिंग असलेली असेल, तर पुढच्या बाजूला घरी हात लावू नये. दाबलेली स्प्रिंग निसटली, तर जीवावर बेतते.

काम झाल्यावर एक्सल पूर्ण लोंबत असताना ब्रेकचा होज (नळी) आणि हँडब्रेकची तार ताणली जात नाही ना, हे तपासावे. शंभर-दीडशे किलोमीटर चालवून यू-बोल्ट पुन्हा आवळावेत, आणि गाडीची मागची बाजू वर आल्याने हेडलाइटचा झोत खाली गेलेला असतो, तो रात्री भिंतीसमोर उभे करून जुळवून घ्यावा.